सोनखेडीच्या तळ्यातलं पाणी

"ह्यात पाणी कुणी टाकलं?"

भर दुपारी जालन्याच्या पेठेत एक म्हातारी मार्तंड फोटोग्राफरच्या दुकानासमोर उभी राहून ओरडत होती. दुकानाच्या दर्शनी काचेआड एक मोठी तसबीर मांडलेली होती. डोंगर, डोंगरावर देऊळ, पायथ्याशी काठोकाठ भरलेलं तळं आणि तळ्यात त्याच डोंगराची उलटी सावली. शेजारी चांदीचं पदक. म्हातारी काचेवर बोट आपटत होती आणि रस्त्यावरची माणसं गोळा व्हायला लागली होती.

"आवो फोटूवाले! भाईर या जरा. तीन साल झाले, तळ्यात घोटभर पाणी न्हाई. अन तुमच्या फोटूत हे यवढं कुठून आलं?"

मार्तंड बाहेर आला. चाळिशीचा, किडकिडीत, बोटांना औषधांचे काळे डाग पडलेला माणूस. "मावशी, कुठल्या तुम्ही?"

"सोनखेडीची. वडीगोद्रीच्या अंगाला. झुंबरबाई म्हणत्यात मला. ह्यो माझा लेक, कडूबा. दाव रे त्यान्ला कागद."

कडूबानं मुंडाशातून घडी काढून दिली. गावानं पिण्याच्या पाण्याच्या विहिरीसाठी अर्जी केली होती, तिचा जबाब होता. मार्तंडानं वाचला. 'मिसलीत दाखल असलेल्या तसबिरीवरून गावालगत विपुल पाण्याचे सरोवर असल्याचे दिसते. सबब विहिरीची गरज नाही. अर्जी नामंजूर.'

"पाटलानं वाचून दावलं तवा इस्वास बसंना," झुंबरबाई म्हणाली. "म्हनलं, कुणाचा फोटू? तर म्हने जालन्याच्या मार्तंडाचा. म्हनलं, जाऊन त्याचं तोंड तर बघावं. तळ्याच्या बुडाला झिरा खांदून वाटी-वाटीनं घागर भरून राह्यलो आम्ही. एका घागरीला घंटा जातो. त्योच गढूळ रेंदा पिऊन माझी सून गोजर पटकीनं गेली. ह्याची बायको! अन तुम्ही इथं काचंत तळं भरून ठिवलं?"

मार्तंडाच्या तोंडचं पाणीच पळालं.

त्याचं सगळं आयुष्य माणसांचे फोटो काढण्यात गेलं होतं. खुर्चीवर नवरा, शेजारी नवरी. शाळेची रांग. कुणी म्हातारं वारलं की त्याला भिंतीला टेकवून शेवटचा फोटो. "हालू नका" म्हणून म्हणून घसा बसलेला. पण जीव अडकला होता तो डोंगरात. एका जुन्या मासिकात त्यानं काश्मीरची सरोवरं पाहिली होती, राजपुतान्याचं वाळवंट पाहिलं होतं, आणि तेव्हापासून सवड मिळाली की तो सायकलीला कॅमेरा बांधून निघायचा. आता जालन्याच्या आसपास कसली आली सरोवरं? काळी रानं, बोडक्या टेकड्या, बाभळी. त्याची बायको तुळजाबाई म्हणायची, "दगडधोंड्यांचे फोटो कोण घेणार हो विकत?" तो हसायचा आणि पुन्हा निघायचा.

दोन वर्षांमागं चैत्रात तो सोनखेडीला पोचला. सकाळचा उजेड असा पडला होता की तो सायकलीवरून उतरून बघतच राहिला. डोंगर, देऊळ, सगळं बराबर जमलं होतं. मधे मात्र तळ्याचा तडकलेला तळ. त्यानं फोटो काढला, घरी येऊन काचेची प्लेट धुतली आणि आठ दिवस भिंग लावून तिच्यावर बसला. प्लेटेवर तांबडा रंग चढवला की कागदावर तिथं पांढरं उमटतं. नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण तो असेच घालवायचा. तशाच त्यानं तळ्याच्या भेगा बुजवल्या, डोंगराची सावली सोडली, शिसपेन्सिलीनं लाटा ओढल्या. तसबीर हैदराबादच्या प्रदर्शनात गेली आणि पदक घेऊन आली. पाटबंधाऱ्याच्या एका साहेबांनी बंगल्यात लावायला म्हणून एक प्रत हौसेनं मागून नेली. महिनाभर मार्तंडाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आणि तीच प्रत साहेबांनी मिसलीला, म्हणजे अर्जीच्या कागदांना, टाचली होती. सोनखेडीला जाऊन बघायचे कष्ट वाचले ना!

"मावशी," मार्तंड खाली बघत म्हणाला, "पाणी मी टाकलं."

"म्हंजी?"

"रंगानं. तळं कोरडं होतं. फोटो चांगला दिसावा म्हणून."

झुंबरबाई सावकाश म्हणाली, "तुमचा फोटू चांगला दिसावा म्हणून आमची हीर गेली?"

मार्तंड आत गेला, पेटीतून ती प्लेट काढली, फडक्यात गुंडाळली, सवयीनं कॅमेराही बरोबर घेतला आणि दुकानाला कुलूप घातलं. "चला. साहेबांपुढं मी बोलतो."

साहेबांचा डेरा त्या वेळी सोनखेडीपासून दोन कोसांवर एका आंबराईत पडला होता. साहेब शिकलेले, मराठी, बोलायला अगदी गोड. त्यांनी मार्तंडाला खुर्ची दिली. झुंबरबाई आणि कडूबा तंबूच्या दाराशी उन्हात उभे राहिले.

"या, या! तुमची तसबीर म्हणजे काय सांगू! आपल्या मुलखात असं सरोवर आहे, हे मला ठाऊकच नव्हतं."

"नाहीच आहे साहेब," मार्तंड म्हणाला. "पाणी मी काढलंय. हाताने."

साहेब हसले. "कलावंताचा विनय."

मार्तंडानं फडकं सोडलं, प्लेट उन्हाकडे धरली. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं, असं उलटं तळं काचेत दिसत होतं. "हा तांबडा रंग दिसतो? हेच पाणी." टेबलावरच्या तांब्यात त्यानं फडक्याचं टोक भिजवलं. क्षणभर थांबला. या प्लेटेची दुसरी नक्कल नव्हती. वीस वर्षांच्या धंद्यात एवढी एकच गोष्ट त्यानं स्वतःच्या जिवासाठी केली होती. मग त्यानं डोळे मिटल्यासारखे केले आणि फडकं फिरवलं. लाटा गेल्या, डोंगराची सावली गेली, तांबडं पाणी फडक्याला लागून निघून आलं. खाली भेगाच भेगा उरल्या.

"बघा."

साहेबांनी प्लेट हातात घेऊन नीट पाहिली. तोंडानं चक्‌चक् केलं. "अरेरे! काय सुंदर वस्तू नासवलीत!"

"पण साहेब, तळं कोरडं आहे."

"ते कशावरून? आता तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत पाणी पुसलंत. उद्या कुणी मला विचारलं, तर मी काय सांगू? फोटोग्राफर आला, त्यानं सरोवर पुसलं, म्हणून मी विहीर मंजूर केली?"

आता बोला! काय म्हणावं या माणसाला?

"मंग तुम्हीच चला न्हवं," झुंबरबाई दारातून म्हणाली. "दोन कोसावर तर हाय. तुमची मोटार हुबी हाय. घंट्याभरात डोळ्यांनं बघा अन माघारी या."

"मौक्याची पाहणी पुढच्या दौऱ्यात," साहेब प्रेमानं म्हणाले. "आज तिकडचा रस्ता आमच्या दौऱ्यात नाही. हवी तर नवी तसबीर दाखल करा. पण ती खरी कशावरून, तेही सिद्ध करावं लागेल हं."

मार्तंडाची कानशिलं तापली. "खोटी तसबीर होती तेव्हा नाही विचारलंत साहेब, कशावरून म्हणून?" तो एवढ्या जोरात बोलला की बाहेरचा शिपाई आत आला. साहेबांनी हसतच घड्याळ पाहिलं. भेट संपली होती.

दुसऱ्या दिवशी मार्तंड कॅमेरा घेऊन सोनखेडीच्या तळ्यात उतरला. हो, आत. चालत. भेगांत टाच अडकत होती. मधोमध झिऱ्याभोवती बायका बसल्या होत्या, घागरी मागं रांगेत. झुंबरबाई वाटीनं पाणी उपसत होती. तिनं मान वर केली.

"परत काढता? काढा. अन घरी जाऊन आवंदा होड्या बी सोडा त्यात."

बायका हसल्या. हसण्यात बोच होती. मार्तंडानं मुकाट्यानं तिपाई रोवली, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि फोटो काढला. मग कापडाबाहेर येऊन म्हणाला, "मावशी, कचेरीत कुठला कागद खरा धरतात?"

"ज्याच्यावर पंचाचे अंगठे आस्तेत त्यो."

"मग ही तसबीर म्हणजे पंचनामा समजा. पंच बोलवा. अंगठे हिच्यावर द्या."

"काचंवर?"

"काचेवर. कागदावरचा अंगठा मागून कुणीही चिकटवेल, म्हणतील. काचेवरचा तसबिरीतच उमटतो."

फोटो काढणाऱ्याला विचारा, प्लेटेवर बोट लागणं म्हणजे काय ते. प्लेट गेली! मार्तंडानं आजवर प्लेट कडेनंच धरली होती, तुळजाबाईलासुद्धा कधी हात लावू दिला नव्हता. त्या दुपारी कडूबाच्या घरात दारं लावून, फटींत घोंगड्या कोंबून, लाल काचेच्या कंदिलात त्यानं स्वतःच्या हातानं ती अजून न धुतलेली प्लेट पंचांपुढं धरली. पहिला अंगठा गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाचा, पुंजारामचा. "दाबू का बिलकुल?" त्यानं विचारलं. "दाबा," मार्तंड म्हणाला. "चांगला दाबा." मग एकेक जण आला. दहा झाले.

अकरावी झुंबरबाई. बाई पंच कशी, म्हणून कुणीतरी कुरकुरलं. "पाणी कोन भरतं? तू?" तिनं विचारलं, आणि तो बाजूला सरला. तिच्या हाताला झिऱ्याचा चिखल होता.

"हात खराब हाय. धुवावं तर पाणी न्हाई."

"असू द्या," मार्तंड म्हणाला.

जालन्याला परतल्यावर तसबीर धुऊन निघाली तेव्हा तिच्या खालच्या कडेला अकरा अंगठे रेघान् रेघ उमटले होते. वर भेगा, घागरी, झिरा. त्यानं एक प्रत साहेबांच्या कचेरीला पाठवली, सोबत प्रत्येक अंगठ्याखालचं नाव लिहून दिलं.

जबाब यायला पावणेदोन महिने लागले. तो घेऊन कडूबाच जालन्याला आला. तसबीरही परत आली होती, आणि तिच्या पाठीवर शेरा होता. 'तसबीर अस्वच्छ आहे. तळाशी बोटांचे डाग आहेत. सबब विचारात घेता येत नाही. डाग काढून स्वच्छ प्रत दाखल करावी.'

मार्तंडानं तो शेरा दोनदा वाचला. 

"डाग म्हणे! डाग! अंगठा नसला तर कागद खोटा, अन असला तर घाण?" तो ओरडला.

तुळजाबाई आतून आली. तिनं तसबीर हातात घेतली. ती भांडखोर नव्हती. गावाला पाणी मिळावं एवढंच तिच्या मनात होतं. "तुम्हाला काय अवघड आहे? देवीचे व्रण घालवता, हे तर नुसते अंगठे. एका संध्याकाळचं काम. द्या काढून, मिळू दे त्यांना विहीर."

खरंच होतं. एका संध्याकाळचं काम होतं. त्यानं कडूबाकडे पाहिलं.

"पुंजारामबाबा गेले," कडूबा म्हणाला. तो आजवर फारसं बोललाच नव्हता. "पंधरा दिस झाले. पटकीनंच. त्येंचा अंगठा काढाया लागंल का?"

 बाहेर कुणीतरी नवरानवरी फोटोसाठी येऊन बाकावर बसले होते, नवरी पदरानं घाम टिपत होती. मार्तंडानं त्यांना उद्या यायला सांगितलं.

"गावात माणसं किती आहेत रे?"

"लहान-थोर धरून दोनशे असतील. का?"

"अकरा अंगठ्यांनी तसबीर अस्वच्छ होते म्हणतात. दोनशेंनी काय होते ते बघू." मार्तंडानं स्टुलावर चढून वरच्या फळीवरची पेटी खाली घेतली. मोठ्या घरांच्या लग्नांसाठी जपून ठेवलेल्या मोठ्या प्लेटा होत्या तिच्यात. "तुझ्या आईला सांग, सगळ्यांना गावात थांबवून ठेव. लेकरंसुद्धा."

मग तो खाली बसला आणि एकेक प्लेट कागदात गुंडाळून पेटीत लावायला लागला. तुळजाबाईनं दुसऱ्या बाजूनं कागद धरला.