अंगात येणं

शिंपीकामात मास्तरांचा हात धरणारं त्या गल्लीत कोणी नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. गिऱ्हाईक दारातून आत आलं की टेप हातात घेण्याआधीच त्याचा खांदा, छाती, पोट त्यांनी नजरेनं मापलेलं असे. म्हणूनच कुलूपवाल्याचा कोट खांद्यात तंग झालेला पाहून ते चाट पडले. याच हातांनी, याच अंगावर बेतलेला कोट! मधे फक्त एक मोठा ताप येऊन गेलेला, आणि तापानं माणूस वाळतो, रुंदावत नाही.

"अंगात येत नाही रे हा," मास्तर म्हणाले.

"नाहीच येणार," आरशातून त्यांच्याकडे बघत कुलूपवाला हसला.

हसला, हेच आक्रीत. तापाआधी हा माणूस एक नंबरचा तिरसट, बटणाच्या रंगावरून हमरीतुमरीवर येणारा. आता मात्र रोज दुपारी यायचा, दोऱ्यांची रिळं लावून द्यायचा आणि मास्तरांचं बोलणं असं कान देऊन ऐकायचा की पन्नाशीतल्या मास्तरांना चक्क लाजायला व्हायचं. प्रेमात पडले होते ते. सपशेल पडले होते, आणि त्याचं त्यांना तिळमात्र वाईट वाटत नव्हतं.

कुलूपवाला कोट बदलायला पडद्यामागे गेला, तेवढ्यात त्याची थोरली बहीण दुकानात शिरली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मास्तर, त्याच्या अंगात सैतान आलाय. मला अहो-जाहो करतो हो! जन्मात कधी केलं नाही त्यानं. तुमचं ऐकतो तो, तुम्ही सांगा त्याला. माझा भाऊ मला परत द्या."

एरवी मास्तरांनी थट्टेवारी नेलं असतं. पण बाई खरं बोलत होती, हे कोटानं त्यांना आधीच सांगितलं होतं. आणि तो सैतान अंगातून गेला, की आपलं माणूसही जाणार.

"बाहेर थांबा, ताई. देतो परत," ते म्हणाले.

पडदा सरला. "मी जायला तयार आहे," तो हळूच म्हणाला. "पण अंगाशिवाय मला राहता येत नाही."

"जायला तयार म्हणे! मी नाही ना तयार!"

तो अगदी जवळ आला. "मग तुझ्या अंगात येऊ?"

आयुष्यभर गिऱ्हाइकांना 'अंगात येतो का बघा' म्हणणाऱ्या मास्तरांना खुदकन हसू आलं. मापाला उभं राहतात तसे दोन्ही हात पसरून त्यांनी डोळे मिटले.

"ये," ते म्हणाले.

डोळे उघडले तेव्हा कुलूपवाला कपाळाला आठ्या घालून समोर उभा होता. "अहो मास्तर, हात पसरून काय उभे राहिलात? काय वेड-बिड लागलंय?" असं म्हणत तो तरातरा बाहेर पडला. "ए ताई, थांब की जरा!" रस्त्यावरून त्याची हाक आली, आणि पाठोपाठ तिचं रडणं.

मास्तरांनी पसरलेले हात खाली घेतले.

"आहेस ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर बसलंय," मास्तरच म्हणाले.