महादू तामोरेची ड्यूटी

प्रिंटरला लिंबू-मिरची बांधलेली मी पहिल्यांदा पाहिली ती बोईसरच्या कारखान्यात. बांधणारा होता रामकिसन, ॲसिड शेडचा सुपरवायझर. उंचापुरा गडी, ज्याच्या एका हाकेवर कंत्राटी कामगार डबा टाकून उठायचे. लिंबाचा रस रिबनवर गळेल, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम, रिबन दूसरा आ जाएगा. जान दूसरी नहीं आएगी."

मी कपाळावर हात मारून घेतला. एकोणीसशे त्र्याण्णव साल होतं. शेजारी तारापूरला अणूपासून वीज बनत होती आणि आमच्याकडे प्रिंटरची दृष्ट काढणं चाललं होतं.

मला भुताखेतांची भीती नाही, राग आहे. लहानपणी पालघरला माझी धाकटी बहीण तापानं फणफणली, तेव्हा घरात आधी भगत आला आणि मग डॉक्टर. डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. तेव्हापासून कोणी अंगारा, उतारा, बाधा असलं काही बोललं की माझं डोकं सणकतं. नोकरी मात्र मला मिळाली ती एका मेलेल्या माणसाच्या खुर्चीवर.

जानू तामोरे हा माझ्या आधीचा कॉम्प्युटर ऑपरेटर. तारापूरकडच्या कोळीवाड्यातला, एकुलता एक पोरगा. श्रावणात कावीळ झाली आणि आठवड्यात गेला. मी कामाला लागले तेव्हा खणात त्याचा कंगवा होता, खुर्चीच्या पाठीवर त्याच्या तेलाचा डाग होता, आणि मशीनमध्ये वापरणाऱ्यांच्या नावांत त्याचं नाव अजून होतं. ते काढून टाका असं मला कोणी सांगितलं नाही आणि मीही काढलं नाही. चहावाला कप आत आणून द्यायचा नाही, दारातूनच पुढे करायचा.

भुताची गोष्ट सुरू झाली ती रामकिसनपासून. तो दिवाळीनंतर जुन्या सुपरवायझरच्या जागी दुसऱ्या कारखान्यातून बदलून आला. रोज दुपारी तो माझ्या खोलीत येऊन दुसऱ्या दिवशीची ड्यूटी टाइप करायचा, म्हणजे कोणी कुठं काम करायचं ते. मशीनला देवनागरी येत नसे, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. मग मी छापायची आज्ञा द्यायची आणि निघालेला कागद फाटकावर चिकटवला जायचा. कामगार त्या कागदाला मानायचे. कॉम्प्युटरनं सांगितलं म्हणजे देवानं सांगितलं.

रामकिसन महादू या कंत्राटी कामगाराच्या नावापुढे ॲसिड टाइप करायचा. कागदावर यायचं गार्डन. बाकी सगळ्यांचं बरोबर, फक्त महादूचं असं. पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलीच चूक. मग तो एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करू लागला. तरी कागदावर गार्डन. फाटकाजवळ चार जास्वंदी आणि थोडी हिरवळ होती, पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना दाखवायला ठेवलेली. त्या बगीच्यात महादू झारी घेऊन फिरायचा, आणि ॲसिडचे ड्रम धुणारा एक माणूस रोज कमी पडायचा. मग कोणीतरी रामकिसनला सांगितलं की महादू हा जानूचा बाप. त्या दिवशी लिंबू-मिरची आली.

महादूला मी ओळखत होते ते वेगळ्याच भांडणातून. अमावास्येला सकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर केळीच्या पानावर भात आणि भाजलेला सुका बोंबील ठेवलेला असे. एसीच्या बंद खोलीत तो वास दिवसभर राहायचा. एकदा मी त्याला ठेवतानाच धरला. वाळलेला, वाकलेला म्हातारा, दोन शब्दांमागे एकदा खोकणारा. मी खूप बोलले. तो मान खाली घालून म्हणाला, "त्याला बोंबील आवडायचा, ताई." मग मी पान तसंच राहू दिलं, आणि त्याचाही मला रागच आला.

बापलेकांचं भांडण सगळ्या कारखान्याला माहीत होतं. महादूची होडी होती. जानूनं समुद्रावर जायला नकार दिला, पालघरला जाऊन कॉम्प्युटर शिकला. एकट्या म्हाताऱ्याला होडी झेपेना, ती विकली, आणि पोट भरायला तो नेमका त्याच कारखान्यात कंत्राटी म्हणून लागला. जानू बोईसरला खोली घेऊन राहत होता. फाटकावर दोघं रोज समोरासमोर यायचे आणि एकमेकांकडे न बघता पुढे जायचे. बाप लोकांना सांगायचा, माझा मुलगा होडीबरोबरच गेला.

"एक बार आप खुद देख लो," रामकिसन म्हणाला. मी त्याला बाहेर पाठवलं, लिंबू-मिरची काढून कचऱ्यात टाकली आणि ड्यूटीची फाइल स्वतः उघडली. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं, महादू, ॲसिड. फाइल बंद केली, छापायची आज्ञा दिली. प्रिंटर करकरत चालू झाला. मी कागद फाडून घेतला. महादू, गार्डन. पुन्हा फाइल उघडली. ॲसिड. पुन्हा छापली. गार्डन.

बाहेर कारखान्यांचा पिवळट धूर उतरला होता आणि दिवे लागायची वेळ होती. मी जानूच्या खुर्चीच्या हातावर टेकलेला माझा हात कधी उचलून मांडीवर घेतला, मलाच कळलं नाही. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. माझ्या मागे कोणी उभं आहे असं इतकं स्पष्ट वाटलं की मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पिशवी उचलली आणि घरी गेले.

रात्रभर मला त्या घाबरण्याचीच लाज वाटत राहिली. सकाळी येऊन मी पहिल्यांदा ती छापायची आज्ञा उलगडून वाचायला घेतली. ती जानूनं बनवलेली होती. इतके दिवस मी ती रोज देत होते, पण आत काय आहे ते पाहिलं नव्हतं. चालत्या गाडीला खीळ कशाला घाला.

युनिक्समध्ये सेड नावाचा एक प्रोग्राम असतो. त्याला मजकुराची फाइल द्यायची आणि काय बदलायचं ते एका ओळीत लिहून सांगायचं. तो एकेक ओळ वाचतो, सांगितलेला बदल करतो आणि ओळ पुढे पाठवतो. मूळ फाइलला बोट लावत नाही. हंड्यातलं पाणी फडक्यातून तांब्यात गाळावं तसं, हंड्यातलं होतं तसंच राहतं. जानूनं छपाईआधी अशी गाळणी बसवली होती. रिकाम्या ओळी काढ, शिफ्टच्या अक्षराऐवजी वेळ लिही, शीर्षक मधोमध घे, असल्या सूचना एकाखाली एक होत्या. सगळ्यात शेवटी ही होती:

/MAHADU/s/ACID/GARDEN/

ज्या ओळीत महादू असेल, त्या ओळीत ॲसिडच्या जागी गार्डन लिही. बस. एवढंच भूत.

मी एकटीच मोठ्यानं हसले. फाइलीवरची तारीख पाहिली, आदल्या वर्षीच्या पावसाळ्यातली. लिहिणारा गेला तरी लिहिलेलं चालूच होतं, कारण त्याला थांब म्हणायला कोणी गेलंच नव्हतं. आता रामकिसनला बोलावते आणि या पडद्यासमोर उभं करते, असं म्हणून मी उठले, तर दारात महादू. चपला बाहेर काढून उभा होता.

"ताई, सायबांना सांगा," तो म्हणाला, "कागदावर काय पण येऊं दे. मी उद्यापासून ड्रमांवर जातो."

"काय म्हणालात? डॉक्टरनं तुम्हाला काय सांगितलंय?"

कारखान्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं सगळ्यांसारखं मलाही ठाऊक होतं. तो ॲसिडचा धूर आणखी छातीत गेला तर हा माणूस पुढचा पावसाळा बघणार नव्हता.

"उमरोळीच्या भगताकडं गेलो व्हतो. तो म्हणतो, पोराचा जीव अडकलाय तुझ्यापाई. तुझ्या खोकल्यात गुंतलाय. तू त्याच्या हातनं ही बगीच्याची ड्यूटी घेत ऱ्हाशील तवर त्याला सुटका नाय." तो खोकला, थांबला. "माझं काय, आज हाय उद्या नाय. त्यानं किती दिवस त्या मशीनमंदी बसायचं?"

पुन्हा भगत. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घराचा उंबरा आला, आणि मी त्या म्हाताऱ्याला हाताला धरून आत ओढला. जानूच्या खुर्चीत बसवला. "इकडे बघा," म्हटलं. "भूत नाही, काही नाही. कोणी अडकलेलं नाही. ही एक ओळ आहे. तुमच्या मुलानं ती लिहून ठेवली आणि मशीन ती पाळतंय. तुम्ही ड्रमांवर गेलात तर त्यानं कोणी सुटणार नाही, तुम्ही मात्र मराल."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं, म्हणून मी अक्षरांखाली बोट ठेवून सांगितलं, हे तुमचं नाव, हे ॲसिड, हा बगीचा.

"हे त्यानं लिवलंय?"

"त्यानंच."

"कधी?"

"गेल्या वर्षी. पावसाळ्यात."

"नाय ताई. तवा जुने सायब व्हते. त्यांनी मला बगीच्यात घातला. मी त्यांना पापलेट नेऊन दिलं व्हतं, दोनदा."

"जुन्या साहेबांना पत्ताच नव्हता. ते रोज ॲसिडच टाइप करायचे आणि कागदाकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. पहिल्या दिवसापासून जानूच तुम्हाला बगीच्यात पाठवत होता."

मला अजून वाटत होतं की मी त्याला वाचवतेय. आणि एका अर्थी वाचवतच होते.

महादूनं पडद्यावरच्या त्या ओळीला बोट लावलं. मग म्हणाला, "तवा आमी बोलत नव्हतो."

"फाटकावर तुमचा खोकला ऐकत असेल तो."

एवढ्यात रामकिसन डोकावला. खुर्चीत महादूला बघून तो उंबऱ्यावरच थबकला. "मॅडम, कुछ मिला?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. एक ओळ खोडली की झालं असतं. रामकिसनची भीती गेली असती, आणि भीती गेली की त्यानं महादूला उद्याच ड्रमांवर उभा केला असता. त्याला माणूस कमी पडत होता. उभ्या आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते मी केलं.

"नाही," मी म्हटलं. "काही सापडत नाही. मशीन ठीक आहे, फाइल ठीक आहे. मलाही कळत नाही हे काय आहे ते."

रामकिसननं छातीला हात लावला, काहीतरी पुटपुटला आणि मागच्या मागे निघून गेला. त्या दिवसानंतर त्यानं महादूच्या नावापुढे स्वतःच गार्डन टाइप करायला सुरुवात केली.

मी दार लोटून घेतलं. "आता तरी भगताचं ऐकू नका," मी महादूला म्हटलं. "उद्या बगीच्यात जाल ना?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. उठला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पडद्याकडे बघत राहिला.

"जानूला दवाखान्यात नेला तवा निरोप आला व्हता मला," तो म्हणाला. "मी म्हटलं, त्याला गरज हाय तर त्यानं यावं माझ्याकडं."

मी प्रिंटर बंद केला.

"तो गेल्यावर रामकिसन सायब सांगाय लागले, कागद आपोआप बदलतो. मी म्हटलं, मेल्यावर आठवण झाली पोराला बापाची. बरं वाटलं. रोज झाडांना पाणी घालताना त्याला सांगायचो, जानू, झालं ते झालं, तुला मी माफ केला." तो खोकला, तोंड पुसलं. "आता माफी तर मला मागायची हाय, ताई. आणि तुमी म्हणता, तिथं कोणी नाय."