एकोणीस चौकटी

"अहो, बसा ना खाली! सिनेमा पळून चाललाय का?"

ऑपरेटर खुर्चीतून अर्धा उठला होता. आपण उठलोय हे त्याला बायको ओरडल्यावर कळलं. नोकरी सुटून बारा वर्षं झाली, थिएटर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, तरी सिनेमा सुरू होऊन अठरा-वीस मिनिटं झाली की याचे पाय आपोआप उचलले जायचे. रीळ संपत आलं, दुसऱ्या मशीनपाशी जायला हवं! आता घरात कुठलं आलंय दुसरं मशीन? टीव्हीखाली एक चपटा प्लेअर आणि त्यात एक डिस्क. ती बिचारी कुणालाही न उठवता दोन-दोन तास फिरते.

अशा चारशेच्या वर डिस्क त्यानं जमवल्या होत्या. कपड्यांचं कपाट त्यांनी भरलं आणि बायकोच्या चादरी पलंगाखाली गेल्या. "तीस वर्षं सिनेमे दाखवून पोट भरलं नाही वाटतं," असं ती दर नव्या पाकिटाला म्हणायची. पण दाखवणं आणि बघणं यांत फरक असतो, हे तिला कोण सांगणार? लोकांना वाटायचं, ऑपरेटर म्हणजे फुकटात सिनेमे बघणारा सुखी प्राणी. प्रत्यक्षात वीतभर खिडकी, कानाशी मशीनची घरघर, एक डोळा फोकसवर आणि रीळ संपत आलं की दोन्ही डोळे पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर. तिथे क्षणभर खूण उमटते. ती दिसली की मशीन बदलायचं. चुकली तर पडदा पांढरा आणि खालून शिट्ट्या. जगातले नावाजलेले सिनेमे त्यानं असे कोपऱ्यातून पाहिले होते. रविवारी सकाळी चाळीस माणसांसाठी लागणारे परक्या भाषांतले सिनेमेसुद्धा. म्हणून निवृत्तीनंतर तो एकेक शोधून, पोस्टानं मागवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत होता. बघून झाला की खोक्याच्या कडेवर बारीक अक्षरात रिळांची संख्या लिहायचा. सहा, सात, आठ. या संख्यांचा आता कुणाला काही उपयोग नव्हता.

आजची डिस्क एका विणकरणीच्या सिनेमाची होती. हा सिनेमा कायमचा गेला असंच सगळे धरून चालले होते. निर्मात्याचे पैसे संपले म्हणून त्याची एकच प्रिंट निघाली होती. ती म्हणे सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा गोदामात सापडली आणि धुऊनपुसून, दोन डिस्कच्या देखण्या खोक्यात बाजारात आली. चार महिने वाट बघून ऑपरेटरनं ती मिळवली होती, आणि दुपारची जेवणं होताच पडदे ओढून दोघं बसले होते.

विणकरणीचा नवरा गाठोडं घेऊन घर सोडतो. ती दारात उभी राहते. आणि एकदम मागावर बसलेली दिसते.

"हे काय, मध्येच?" बायको म्हणाली.

ऑपरेटरनं रिमोटनं तो प्रसंग मागे नेला आणि पुन्हा लावला.

सिनेमा संपल्यावर त्यानं दुसरी डिस्क लावली. तीत प्रिंट आधी कशी होती आणि साफ केल्यावर कशी झाली ते शेजारी शेजारी दाखवलं होतं. जुन्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात एक त्रिकोणी भोक चमकून गेलं.

"माझं भोक!" ऑपरेटर ओरडला.

"अहो, काय बोलताय!"

"अगं, माझी खूण! खुणेचं भोक पाडायचं सगळ्यांचं पंच गोल असायचं. मी कानस मारून त्रिकोणी केलं होतं. ही माझ्या हातची प्रिंट आहे!" क्षणभर म्हातारा पोरासारखा हरखला.

मग पडद्यावर एक प्राध्यापक आले. पुस्तकांच्या कपाटासमोर बसून ते म्हणाले, "इथे दिग्दर्शक तिला धावू देत नाही, रडू देत नाही. दारातून थेट मागावर. ही गाळलेली जागा म्हणजेच हा सिनेमा."

ती जागा नेमकी रिळाच्या शेवटीच कशी आली, हे एखाद्या ऑपरेटरला विचारावंसं या शहाण्याला वाटलं नव्हतं.

आणि शेवटी खुद्द विणकरीण झालेली बाई आली. केस पांढरे, चष्मा, मागे बटणांचे डबे. "मी धावले होते तिथे," ती हसून म्हणाली. "पण थिएटरात बघते तर नव्हतंच ते. वाईट झालं असेल, म्हणून काढलं असणार त्यांनी." मुलाखत घेणाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारला.

ऑपरेटरनं टीव्ही बंद केला.

"त्यांनी नाही काढलं," तो बायकोला म्हणाला. "मी काढलं."

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची दुपार. मालकाला दुसरा सिनेमा मिळेना म्हणून हाच दोन आठवडे रिकाम्या खुर्च्यांना दाखवणं चाललं होतं. चौथं रीळ संपता संपता खालच्या चाकाचा पट्टा तुटला आणि फिल्म गुंडाळली न जाता भसाभस जमिनीवर पडली. ऑपरेटर दुसऱ्या मशीनपाशी, डोळ्यांत तेल घालून कोपरा बघत उभा. मागे वळला तेव्हा शेवटची पंधरा फूट फिल्म त्याच्याच बुटाखाली चुरगळली होती. नोकरी पक्की व्हायला महिना होता, लग्नाला दोन. मालकाला कळलं असतं तर दोन्ही गेलं असतं. त्यानं चुरगळलेला भाग कापला, रिळाच्या टोकाची कोरी शेपटी जोडली, अलीकडे नवी खूण पाडली आणि मूग गिळून बसला. पुढच्या खेळाला कुणाला काही कळलं नाही. कापलेल्यातल्या एकोणीस चौकटी मात्र धड होत्या. त्या फेकवल्या नाहीत.

बायकोनं कपाटाच्या खणातून एक पाकीट काढलं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यानं तिला दिलेलं.

"तेव्हा तर म्हणालात, तुझ्यासाठी मालकाकडून मागून आणलं."

"काय सांगणार होतो मग?"

"काहीच नको होतं सांगायला," ती म्हणाली. पाकीट त्याच्या मांडीवर ठेवून ती भांडी घासायला गेली आणि नेहमीपेक्षा जास्त आवाज करत घासत राहिली.

प्राध्यापकांचा नंबर मिळवायला त्याला दोन दिवस लागले.

"काका," सगळं ऐकून ते गोड आवाजात म्हणाले, "त्या जागेवर माझ्या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. तुमच्या हातून थोडं खराब झालंही असेल, पण दिग्दर्शकाला काय हवं होतं ते स्पष्टच आहे ना?"

"साहेब, ती धावत होती. माझ्याकडे तुकडा आहे."

"नको असलेलं चित्रीकरणही असतं, काका."

ऑपरेटरनं बाईंचा पत्ता मागितला. तो त्यांनी लगेच दिला. फोन ठेवायची घाई असावी.

बाईंचं दुकान बटणं, दोरे, इलॅस्टिक आणि लेसचं होतं. काउंटरच्या कडेला माप घ्यायची पितळी पट्टी ठोकलेली. ऑपरेटर बसमध्ये वाक्यं पाठ करत आला होता. त्यांतलं एकही तोंडातून नीट निघालं नाही.

"बाई, तुमची धाव दिग्दर्शकांनी नाही कापली. मी त्या थिएटरचा ऑपरेटर. माझ्या हातून फिल्म चुरगळली आणि मी ती कापून टाकली. कुणाला सांगितलं नाही."

बाईंनी हातातल्या बटणांचा डबा खाली ठेवला.

"कितव्या दिवशी?"

"दहाव्या. दुपारच्या खेळाला."

"मी अकराव्या दिवशी आले होते."

ऑपरेटर पितळी पट्टीवरचे आकडे बघू लागला.

"भाऊ, वहिनी, शेजारच्या दोघी, सगळ्यांना घेऊन," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आता बघा हं, आता मी धावते. तर पडद्यावर मी बसलेली. भाऊ म्हणाला, अगं, कुठं धावलीस? बसलीस की! मरेपर्यंत चिडवायचा मला त्यावरून. पाहुण्यांसमोरसुद्धा."

"बाई, माफ करा मला."

"पुढच्या सिनेमासाठी पत्र आलं होतं दिग्दर्शकांचं. दोनदा आलं. मी गेले नाही. म्हटलं, माझी धाव ज्यांना फेकून द्यावीशी वाटली, त्यांच्याकडे कशाला जायचं? उत्तरसुद्धा दिलं नाही." त्यांनी बटणांच्या डब्याचं झाकण लावलं. "त्यांना वाटलं असेल, बाईला माज आला."

एका गिऱ्हाइकानं शर्टाची सहा पांढरी बटणं मागितली. बाईंनी ती मोजून पुडीत बांधून दिली. ऑपरेटर बाजूला सरकून उभा राहिला. इथून निघून जावं असं त्याला फार वाटलं.

गिऱ्हाईक गेल्यावर बाई म्हणाल्या, "एकदाच धावायला सांगितलं होतं मला. दुसऱ्यांदा घ्यायला फिल्मच उरली नव्हती. दिग्दर्शक गेले, कॅमेरावाला गेला. बघणारी माणसं तरी त्या थिएटरात किती होती? तुम्ही मात्र दहा दिवस रोज बघितलंत. सांगा ना. कशी धावले होते मी?"

ऑपरेटरनं आठवून पाहिलं. दहा दिवस, रोजचे चार खेळ. प्रत्येक वेळी तो दुसऱ्या मशीनपाशी, हात खटक्यावर, डोळे कोपऱ्यावर. खाली पडद्यावर काहीतरी पांढरं हलल्यासारखं आठवत होतं, तेवढंच.

"छान धावला होतात," तो म्हणाला.



"तुम्ही बघितलंच नाही," त्या म्हणाल्या.

त्यानं पाकीट काउंटरवर ठेवलं. बाईंनी फिल्मचा तुकडा बाहेर काढला आणि रोजच्या सवयीनं पितळी पट्टीवर सरळ धरला.

"सव्वाचौदा इंच," त्या म्हणाल्या.

मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो दुकानाच्या दारातल्या उजेडाकडे धरला. ऑपरेटरही वाकून बघू लागला. एकोणीस चौकटी, सेकंदभराच्याही नाहीत. पहिल्या चौकटीत विणकरणीचा उजवा पाय उंबऱ्यावरून नुकता उचललेला होता. बाई अंगठ्यानं तुकडा हळूहळू खाली सरकवत गेल्या. शेवटच्या चौकटीशी थांबल्या, पुन्हा वर गेल्या आणि पुन्हा खाली आल्या.

"पाय टेकतच नाही हो," त्या म्हणाल्या.