पाणी न धरणारी बरणी

मी काचेची बरणी बोलतेय. जरा घाईनंच बोलते, कारण भंगाराची गाडी शाळेच्या फाटकाशी येऊन उभी आहे.

गडहिंग्लजच्या बाजारातून मी चंदगडकडच्या या शाळेत आले ती लोणचं भरून. लोणचं संपलं आणि विज्ञानाच्या दानेश्वरी बाईंनी मला सोड्यानं घासून प्रयोगशाळेत नेलं. मग दर पावसाळ्यात माझ्या पोटात डबक्याचं पाणी आणि काळे, वळवळणारे बेडूकमासे. आधी त्यांना मागचे पाय फुटायचे, मग पुढचे, मग शेपूट आटायची. बेडूक व्हायची ही एकच वाट, असं मुलांना वाटायचं. मलाही.

२००२च्या पावसाळ्यात नव्या खोलीसाठी शाळेमागचा बांध खणायला घेतला. शिपाई पिराजीमामा एक ओलं पान घेऊन धावत आले.

"बाई, साबुदाणा चिकटलाय जणू! टिकाव पडायच्या आत उचललं बघा."

"अहो, बेडकाची अंडी ही! आणा लवकर, वाळतील."

"बाकीचा बांध तर गेला की."

"म्हणजे एवढीच राहिली."

बाईंनी मला काठोकाठ भरलं आणि अंडी पाण्यात सोडली. पानाच्या मुडपलेल्या कडेला काही चिकटून राहिली. घंटा झाली म्हणून ते पान माझ्या उलट्या झाकणात ठेवून त्या वर्गावर गेल्या.

मध्ये रविवार आला. पाण्यातली अंडी पांढरी पडू लागली. मला तोंड होतं, पण पाणी ओतून द्यायला हात नव्हते. बाईंनी पाहिलं तेव्हा त्यांवर बुरशी चढली होती.

"मीच बुडवली यांना," बाई म्हणाल्या.

"बेडकाची अंडी आन् पाण्यात बुडत्यात? नवलच म्हणायचं!"

झाकणातली मात्र पावसाळी हवेत ओली आणि स्वच्छ होती, काचेसारखी. बाईंनी मला रिकामं केलं, तळाशी ओला पाला घातला, ते पान अलगद आत ठेवलं. मग रोज भिंग घेऊन माझ्यासमोर. त्यांच्या श्वासानं माझी काच धुरकट व्हायची.

अंड्याच्या आतच पाय फुटले. कल्ले आलेच नाहीत. शेपूट आली ती पातळ, रक्तवाहिन्यांच्या जाळीची, पोहायला नव्हे तर श्वासापुरती. मला चैन पडेना. पोहल्याविना ही जगणार कशी?

"ह्येंचं समदंच येगळं हाय, बाई."

"तसं नाही, मामा. जनुकं बरीचशी तीच, वेळ वेगळी. आमच्या गुऱ्हाळावर बघा, काहिलीत रस एकच. लवकर काढला तर काकवी, थांबलं तर गूळ. यांच्यात पाय फुटायची वेळ अलीकडे आली आणि पोहायचे दिवस गळाले."

"पर काहिलीपाशी येळ बघणारा गुळव्या असतोय. ह्येंची येळ कोण ठरवतंय?"

"कुणीच नाही. जनुकांत बारीक फरक आपोआप पडत गेले. या उतारावर पाणी थांबत नाही. ज्यांना डबक्याची गरज पडली नाही, त्यांची पिल्लं तगली. असं पिढ्यान्‌पिढ्या, लाखो वर्षं."

"म्हंजे गुळव्या न्हाई, पर ढेप पडत्याच!"

एका सकाळी नखाएवढे बेडूक बाहेर आले. अख्खे, चार पायांचे. एकाला शेपटीचं टोक राहिलं होतं. तो माझ्या काचेवर चढला, घसरला, पुन्हा चढला. बाईंनी कितीतरी दिवसांचा रोखलेला श्वास सोडला आणि मला पोटाशी धरून मैदानापलीकडच्या करवंदीत नेलं. मी आडवी झाले. ते गेले.

पुढं बाईंची बदली झाली. मला तळाशी तडा गेला. आज नवे सर म्हणाले, "ही पाणी धरत नाही. टाका पोत्यात."

पिराजीमामांनी मला पोत्यातून काढून काखेत मारलंय. "पाणी धरत न्हाई म्हणूनच तर ठिवायची, सर."

सर माझा तडा निरखतायत. गाडीवाला ओरडतोय. बाहेर करवंदीत पाल्याखाली पुन्हा कुणाची तरी अंडी असतील. तुम्हाला सापडली, तर पाणी ओतायच्या आधी जरा थांबा.