घोंगडीचं पाप

रविवारी खुटबावच्या बिरोबाच्या माळावर मुंगी शिरायला जागा नव्हती. काळेभोर केस सोन्यासारखे होताना पाहायला शिरूर-दौंडकडून माणसं जीपला लोंबकळत आली होती. सोनकेश महाराज भक्ताच्या डोक्यावर चिमूटभर भंडारा टाकत, तांब्यातलं तीर्थ ओतत, ओलं फडकं बांधत. दोन-तीन आरत्या झाल्या की फडकं सुटे आणि केस पिवळेधमक!

"भंडारा मुळातनं वर चढला!" महाराज गर्जत. "हळदीचा रंग धुतला की जातो, कृपेचा जात न्हाई! मन काळं असंल त्याचाच केस तुटंल. अपना गॅरंटी है!"

देवाच्या कामात गॅरंटी कशाला, असं कुणाच्या मनातही आलं नाही. माणसं पायावर लोळत होती.

कडेला चांगदेव सर छत्री कवटाळून उभे होते. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, तेही फळ्याकडे तोंड करून. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते छत्रीआड होत. पण आज शेजारच्या म्हस्कूआबांची सून साधना पाटावर बसली होती. मागच्या रविवारी तीर्थानं तिचे केस मूठमूठ तुटले, टाळूला फोड आले. "सुनेत खोट हाय," महाराजांनी निकाल दिला. आज पुन्हा तीर्थ. केस तुटले तर तिला कायमची माहेरी, कारेगावला धाडायचं. सासू सखूबाईंनी बोचकं बांधूनच आणलं होतं. टेम्पोही उभा होता.

बुधवारी सरांनी कुंपणावरून सखूबाईंना विचारलं होतं, "त्या दिवशी सुनेनं डोकं धुतलं होतं का हो?"

"म्हंजी काय! देवाम्होरं पारोशी न्यायची व्हय? रिठ्यानं खसाखसा घासलं."

"आणि ज्यांचा एकही केस तुटला नाही, त्या पोपटरावांच्या मंडळींनी?"

"त्यांनी मोठा मंडप दिला न्हवं! म्हाराजांनी त्यास्नी आदल्या राती खोबरेल चोपडाया लावलं. पानी लावू नगा म्हनले."

तेव्हापासून सरांच्या खिशात एक पुडी होती. तोंड मात्र उघडत नव्हतं. आपलंच चुकत असलं तर?

महाराजांनी साधनाच्या फोडांवर तांब्या धरला. तिनं डोळे गच्च मिटले.

"थांबा!" आवाज इतका चिरका निघाला की सर स्वतःच दचकले. त्यांनी खिशातली पुडी सोडली. "आधी हे दोन धागे भिजवा. आबांच्या घोंगडीचे आहेत. काळी लोकर म्हणजे केसच की."

"मास्तर, घोंगडी काय भक्त हाय व्हय?" महाराज हसले. लोकही हसले.

म्हस्कूआबा मात्र हसले नाहीत. "म्हाराज, घोंगडीवर आमचा द्येव बसतो. तिला तीर्थ न्हाई म्हनता?"

धनगरांच्या गर्दीत घोंगडीचा अपमान करायची महाराजांची छाती झाली नाही. धागे भिजले, फडक्यात गेले. आरत्या झाल्या. महाराजांच्या टाळ्या आज ताल चुकत होत्या.

फडकं सोडलं. दोन्ही धागे तांबूस-पिवळे! जयजयकार झाला.

"सखूबाई, आता ओढा," सर म्हणाले.

पहिला तटकन तुटला. दुसरा ओढून ओढूनही टिकला.

"पहिला रिठ्यानं धुतला होता, दुसरा रात्रभर खोबरेलात ठेवला होता," सर पहिल्यांदाच लोकांकडे तोंड करून बोलत होते. "घोंगडी एकच. मग एक धागा पापी आणि एक पुण्यवान कसा? हे तीर्थ नाही, पेरॉक्साइड आणि अमोनिया आहे. केसाचा काळा रंग ते मारतं आणि केसही पोखरतं. तेल असलं की केस जरा वाचतो, धुतलेला उघडा पडतो."

कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्ट करणारा बाळासो पुढं आला, तांब्या हुंगून त्यानं तोंड फिरवलं. "आयला, ह्यो तर आमच्या ड्रमातला वास! काय म्हाराज, द्येव एमायडीशीत कवा ऱ्हायला आला?"

महाराजांना एकाएकी पुण्याला जायचं आठवलं. पण साक्षात्कारी पावलं गर्दीतून सुटेनात. पोरांनी त्यांना त्याच टेम्पोत घालून पोलीस ठाण्याकडे नेलं.

केस पिवळे करायची हौस असेल तर खुशाल करावेत. मात्र डोकं न धुता, तेल लावून, जाणत्या हातानं. टाळूला फोड असतील तर मुळीच नाही. पण बाटलीतल्या रसायनाला बाईच्या चारित्र्याचा निकाल विचारू नये. त्याला फक्त केस कळतो, तोही मेंढीचा की माणसाचा हे कळत नाही.

सखूबाईंनी तुटका धागा पदराच्या टोकाला बांधला. मग बोचकं काखेत मारून म्हणाल्या, "ऊठ गं साधना, दवाखान्यात चल. पाप माझ्याच रिठ्याचं हुतं."