तळाला टेकायचं नाही

"काका, हे बघा! पाणी थांबलंय, आणि गाळ उठतोय!"

खाडीच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या मॅडमनी आलेखाचा कागद टेबलावर पसरला. दोन वर्षं पाण्याच्या गढूळपणाची रेघ भरती-ओहोटीबरोबर चढायची, दोन्हींच्या मधे पाणी थांबलं की गाळासारखीच खाली बसायची. गेल्या तीन महिन्यांत मात्र नेमक्या थांबल्या पाण्यात तिला सहा काटे फुटले होते.

"प्रवाह नाही, लाट नाही, मग तळ ढवळतो कसा? बंदराची वाट खोल केल्यापासून तळच सैल झालाय, दुसरं काय! उद्या बंदराच्या साहेबांना हेच सांगणार."

पाणबुड्या कागदावर वाकला. तारखा त्याला पाठ होत्या. गढूळपणा मोजणाऱ्या तळावरच्या यंत्राच्या काचेवर शेवाळ धरतं. ते पुसायला दर पंधरा दिवसांनी, पाणी थांबलं की, तोच खाली उतरत असे.

"त्या वेळी तर मी असतो खाली," तो चाचरत म्हणाला.

"तुमचं काय काका! तुम्ही टेकता थोडेच? तुमच्यासारखं अधांतरी राहणं माशालाही जमायचं नाही."

तो हसला आणि पुन्हा तारखांवरून बोट फिरवू लागला.

नियमच होता तसा. खालचा गाळ पिठाहून मऊ; बोट लागलं की उठतो, उठला की बसता बसत नाही. सव्वीस वर्षं तो त्या गाळावर हातभर अंतर राखून तरंगला. तीन महिन्यांपूर्वी कंबरेत कळ आली, पाय हलेनात, आणि त्याने हळूच गुडघे टेकले. खाली कोण बघतंय? पुढच्या खेपेला पुन्हा टेकले. मग टेकतच गेला.

दुपारी घरी तो ताटावर बसला, उठला, खिडकीशी गेला, परत आला.

"अहो, घिरट्या कसल्या घालताय? जेवा की," बायको म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. त्याच्या कंबरेला तेल चोळत ती ऐकत राहिली.

"बोललात तर पाण्यातलं काम सुटलं."

"सुटलंच."

"मग दिवसभर माझ्या पायात पायात."

"तुझ्या घरात तरी टेकलेलं चालेल ना?"

तिने तेलाचे हात पुसले. मग ती उठली आणि खुंटीवरचा शर्ट काढून तिने त्याच्या हातात दिला.

तासाभरात तो परत मॅडमच्या टेबलाशी होता; त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण काढून कागदावरच्या सहा काट्यांभोवती एकेक गोल केला.

"तीन महिने, काका?"

"तीन महिने."

"मी उद्या सगळ्यांसमोर तोंडघशी पडले असते."

"म्हणून तर आलो."

त्याने खिशातली वही उघडून उतरल्याच्या, वर आल्याच्या वेळा एकेक करून वाचल्या. मॅडम संगणकावर तेवढा तेवढा तुकडा काढून टाकत गेल्या. सहा काटे गेले, सहा फटी राहिल्या.

"दुसरा पाणबुड्या बघावा लागेल," त्या हळूच म्हणाल्या.

"बघा. आणि त्याला म्हणावं, कंबरेला वजनं कमी बांध. जास्त झाली की खाली ओढतात."

तो निघाला, दारातून परत फिरला आणि संगणकाच्या पडद्याशी वाकला. फटींच्या अलीकडे-पलीकडे रेघ निजलेली होती, बारीक, निवांत. तो नसतानाचा तळ. सव्वीस वर्षांत त्याने तो कधी पाहिलाच नव्हता.