मऊ रबर, कडक रबर

“लांबचा प्रवास जास्त, की गावातल्या गावात?” टायरवाल्याने तिच्या नवऱ्याला विचारलं.

“लांबचा. दिवसाला दीडशे किलोमीटर सहज होतात,” नवरा म्हणाला.

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. गेल्या पाच महिन्यांत त्याने हँडलला हातसुद्धा लावला नव्हता.

गाडी मात्र त्याचीच. लांबलचक, बुटकी, ढिम्म बसलेल्या म्हशीसारखी क्रूझर मोटरसायकल. लिफ्ट दुरुस्त करायला तो एकोणीस वर्षं हिच्यावरून गावोगाव हिंडला. मग डोळ्यांतला दाब वाढला आणि नजर कडेकडून विझत आली. आता नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, तेही धूसर. डॉक्टरांनी गाडी बंद केली. “विकायची का?” तिने भीतभीत विचारलं, तर तो म्हणाला, “तू शिकतेस का?” ती लॅबमध्ये रक्त काढायची. केसाएवढी शीर तिला पहिल्या टोचणीत सापडे, पण हे दोनशे किलोचं धूड? नाही म्हणायचं होतं आणि तोंडातून निघालं, “बरं.” असं का झालं, ते तिला अजून उमगलं नव्हतं. तेव्हापासून ती चालवत होती आणि तो मागे बसत होता.

दुकानात भिंतभर टायर टांगलेले. सगळे सारखेच काळे, सारखेच गोल. जुन्या टायरवरचे आकडे तिने कागदावर नीट उतरवून आणले होते. केमिस्टला चिठ्ठी दाखवावी तसं काम होईल, असं तिला वाटलं होतं. इथे एका प्रश्नातून चार फुटत होते. ट्यूबचा की बिनट्यूबचा? नक्षी कुठली? रबर कडक की मऊ?

“मऊ रबर रस्ता धरून चालतं, पण झिजतं लवकर,” टायरवाला नवऱ्याला सांगत होता. “तुमचं रनिंग बघता कडकच घ्या, साहेब. आणि मागचा एक नंबर रुंद टाकू. गाडी काय भारदस्त दिसेल! वळताना जरा जड जाते, पण तुमचा हात बसलेला आहे.”

“जड म्हणजे किती जड?” तिने विचारलं.

“वहिनी, तुम्ही खुर्चीवर बसा निवांत. आमचं ठरतंय.”

ती बसली. बसल्यावर तिला स्वतःचाच राग आला. नवरा एकेका टायरवरून बोटं फिरवत होता, नक्षीच्या खाचांत नख घालून खोली बघत होता. टायरवाला खूश. “साहेबांना रबरातलं कळतं हं!” मग तो गाडीमागे उकिडवा बसला आणि जुना टायर हाताने फिरवू लागला.

“मधोमध सपाट झालाय. सरळ हायवेची झीज. पण हे काय? इथे एकाच जागी घासलाय. मागचा ब्रेक गच्च दाबून कुणीतरी फरफटवलीय गाडी.”

तिला सगळं आठवलं. मागच्या महिन्यातला चौक, अचानक वळलेली रिक्षा आणि पायाखाली कर्रकर्र सरकत गेलेला रस्ता. गाडी थांबली तेव्हा नवऱ्याची बोटं तिच्या खांद्यात रुतली होती. घरी पोचेपर्यंत तो अवाक्षर बोलला नव्हता, नंतरही नाही.

“मीच,” नवरा म्हणाला. “कुत्रं आडवं आलं होतं.”

म्हणजे हा तिला पाठीशी घालत होता? की स्वतःलाच? तिला काही सुधरेना. खरं सांगावं, तर परक्या माणसासमोर त्याचा पाणउतारा होणार. गप्प बसावं, तर ते रुंद, कडक टायर उद्या तिलाच वळवायचे, आणि मागे तो.  

“मग काढू हे दोन?” टायरवाला उठला.

 नवऱ्याचा हात कडक टायरवरून मऊ टायरवर गेला आणि तिथेच राहिला.

“ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला, तर कुठला लवकर थांबेल?”

“मऊच. पण साहेब, तुम्ही कशाला घाबरताय?”

“मऊ दे. मूळ मापाचाच, रुंद नको,” नवरा म्हणाला. मग घसा खाकरून, “चालवते ती. मला दिसत नाही.”

टायरवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “अच्छा, अच्छा,” असं काहीतरी पुटपुटत तो पाने शोधायला आत गेला.

तिला वाटलं होतं, हे बोलून झाल्यावर सुटल्यासारखं वाटेल. तसं वाटेना. “मी सांगणारच होते,” ती हळूच म्हणाली.

“माहीत आहे.”

“मग आधी खोटं का बोललात?”

“काय की,” तो म्हणाला. “त्याने विचारलं आणि निघून गेलं तोंडातून.”

तासाभराने टायर बसले. “वहिनी, नवं रबर गुळगुळीत असतं,” आता टायरवाला तिला सांगत होता. “पहिले शंभरेक किलोमीटर सांभाळून. एकदम ब्रेक नको, वळताना फार झुकवू नका.” तिने मान डोलावली. यातलं किती लक्षात राहील, कोण जाणे.

तिने गाडी सरळ धरली. नवऱ्याने पायाने चाचपत पायरी शोधली, तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि मागे बसला. दुकानाचा उतार संपून मोठा रस्ता लागत होता, तिथे ती थांबली. तिने आरशात पाहिलं. एकोणीस वर्षांच्या सवयीने त्याने मान आधी उजवीकडे वळवली, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे.

त्याचं पाहून होईपर्यंत ती थांबली. मग तिने दोन्हीकडे पाहिलं आणि क्लच सोडला.